माझ्या तड्यातली वाळू

मित्रांनो, तुमच्या घरी वेलची कुटायला पितळेचा खलबत्ता असेल. मी त्याच्याच गोतावळ्यातला, पण जरा तालेवार. अकीक नावाच्या दगडातून कोरलेला, मधाच्या रंगाचा, तळहातावर मावेल एवढा. सध्या चंदीगडच्या एका प्रयोगशाळेत खिडकीजवळच्या फळीवर असतो. माझ्यात आता कुणी काही कुटत नाही, आणि ते बरोबरच आहे. का, ते सांगायला बसलो आहे. सांगताना मला लाज वाटेल, पण तुम्ही ऐका.

माझा जन्म गुजरातेतल्या खंभातचा. पुरुषोत्तमभाई नावाच्या कारागिराने मला चाकावर घासून घडवलं. अकीक म्हणजे गारेचाच, गारगोटीच्या दगडाचाच, एक प्रकार, त्यामुळे कितीतरी दिवस घासावं तेव्हा कुठे त्याच्या पोटाला गुळगुळीतपणा येतो. पुरुषोत्तमभाई माझ्यावर वाकून बसत आणि माझी पांढरी पूड त्यांच्या पापण्यांवर, मिशीवर साचे. ते सारखे खोकत. मला वाटे, थंडीचे दिवस आहेत, सर्दी झाली असेल. शेवटच्या दिवशी त्यांनी माझ्या पोटात अंगठा फिरवला आणि शेजाऱ्याला म्हणाले, "आ तो मारा पछी पण चालशे." माझ्यामागेही हा टिकेल, असं ते म्हणत होते. मी फुगलो. ते असं का म्हणाले, हा प्रश्न मला पडला नाही.

चंदीगडला मी पेटीतून आलो. अंबरीशजींनी माझा ताबा घेतला. ते मूळचे अमरावतीचे, प्रयोगशाळेतले जुने तंत्रज्ञ. मला धुण्यापुसण्याचं काम ते दुसऱ्या कुणाला करू देत नसत. मग काही वर्षांनी साताऱ्याच्या डॉ. मधुवंती आल्या. दगडांच्या रसायनात त्यांनी पदवी घेतली होती, आणि ध्यास मात्र माणसांच्या फुप्फुसांचा. दगड फोडणाऱ्या, दळणाऱ्या माणसांच्या छातीत धूळ जाऊन काय करते, ते त्या शोधत होत्या. ताजी फुटलेली गार जुन्या गारेपेक्षा फुप्फुसाला जास्त जाळते, यावर त्यांनी पाच वर्षं घालवली. त्यांची ती सगळी गार माझ्याच पोटात दळली गेली. एकदा त्या अंबरीशजींना समजावून सांगत होत्या की एकदा आत गेलेली गार छातीतून पुन्हा बाहेर येत नाही, माणूस आतून घट्ट होत जातो. ते ऐकताना मला पुरुषोत्तमभाईंच्या पापण्या आठवल्या. त्या दिवशी मला पहिल्यांदा स्वतःच्या गुळगुळीतपणाची शरम वाटली.

पण कौतुक वाईट असतं, मित्रांनो. पाहुणे आले की मधुवंतीबाई मला उचलून म्हणायच्या, "हा माझा पक्का साथीदार. कधी दगा देत नाही." आणि मी पुन्हा फुगायचो.

आता आमच्या कामाची एक रीत सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. मी स्वतःच गारेचा. कुटताना माझी थोडी झीज होते आणि ती नमुन्यात मिसळते. म्हणून आधी मला शुद्ध वाळूची, म्हणजे गारेच्याच कणांची, चिमूट घालून घासायचं, धुवायचं. मग गार मुळीच नसलेली एक स्वच्छ पूड माझ्यात घोटायची आणि तिच्यात किती गार सापडते ते यंत्रावर मोजायचं. जी सापडेल ती माझी. खऱ्या नमुन्याच्या आकड्यातून तेवढी वजा करायची. माझी झीज शंभरात अर्ध्या भागाच्या वर कधी गेली नव्हती.

एका जानेवारीत धुकं आठ दिवस हललं नाही. धुतलेली भांडी वाळेनात. अंबरीशजी गावी गेले होते आणि मधुवंतीबाईंना घाई होती. त्यांनी मला तसंच ओलं गरम भट्टीत ठेवलं. अकीकाला एवढी उष्णता सोसत नाही. माझ्या तळात टच् झालं. केसाएवढी चीर. बाहेर काढल्यावर त्यांनी मला पुसलं, पण उजेडाकडे धरून पाहिलं नाही. मला बोलता येत नाही हे खरं. पण इतकी वर्षं कौतुक ऐकलेला मी, तडा दिसला नाही म्हणून मनातून सुखावलो, हेही खरं.

घाई होती ती एका गिरणीची. पंचकुलाच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याशी पांढरा दगड दळून भिंतींच्या पुट्टीसाठी पूड करत. मालक म्हणे, हा साधा संगमरवर आहे, यात गार नाही. तिथल्या नरेंद्र नावाच्या कामगाराने दिवसभर कमरेला छोटा पंप आणि कॉलरला नळी लावून आम्हाला धूळ गोळा करून दिली होती. ती बाटली द्यायला तो स्वतः आला. पस्तिशीचा, शांत, बोलताना थांबून श्वास घेणारा.

"मैडम जी, मोहाली में चौकीदार की नौकरी मिल रही है," तो म्हणाला. "तनखा कम है. आप बता दो, रहूँ कि छोड़ूँ?"

"आठ दिन में बताती हूँ, पक्का," मधुवंतीबाई म्हणाल्या.

सरकारी तपासणी कार्यालयाने शंभरात पाच भागांची रेघ ठरवली होती. त्याच्या वर गार निघाली तर गिरणीला पाण्याचे फवारे लावावे लागणार होते. अंबरीशजी परत आले, त्यांनी मला वाळूने घासलं, धुतलं. पण वाळूचे कण माझ्या चिरेत जाऊन बसले. मग स्वच्छ पूड माझ्यात पडली आणि बत्ता फिरू लागला, तसे ते कण निघून तिच्यात उतरले. यंत्राने आकडा दाखवला, चार. त्यानंतर गिरणीची धूळ आली, तोवर चीर रिकामी झाली होती. आकडा आला, आठ.

"काहून मॅडम, आपल्या खलाचे चार कसे आले?" अंबरीशजी म्हणाले. "पुन्हा मोजू का?"

मधुवंतीबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. "कठीण दगड फार कुटले यंदा, झिजला असेल. असू द्या. आपल्या भांड्याची चूक गिरणीच्या माथी नको. चार वजा करा."

आठातून चार गेले, राहिले चार. रेघेच्या खाली. किती न्यायाने वागल्या होत्या त्या, आणि किती मोठा अन्याय माझ्या पोटात झाला. अहवाल त्या कार्यालयात गेला, आणि त्यांनी माझ्यासमोरच नरेंद्रला फोन लावून सांगितलं, धूळ ठीक आहे.

चौदा महिन्यांनी नरेंद्र पुन्हा आला. जिना चढून आला आणि दाराच्या चौकटीला धरून धापा टाकत उभा राहिला. हातात छातीचा फोटो होता. त्यांच्याकडे एक्स-रेला फोटोच म्हणतात.

"डॉक्टर कहता है सिलिकोसिस," तो म्हणाला. म्हणजे गारेच्या धुळीने छाती आतून घट्ट होण्याचा तोच आजार. आवाजात राग नव्हता, आणि तेच ऐकवत नव्हतं. "आपने तो कहा था धूल ठीक है. मैंने घरवाली को भी लगा दिया, बोरी भरने पर."

बोरी भरण्याच्या जागी गिरणीतली सगळ्यात दाट धूळ असते. मधुवंतीबाईंनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि जुनी वही काढली. चार या आकड्यावर त्यांचं बोट थांबलं. मागची पानं उलटली. अर्धा, अर्धा, त्याहून कमी. बोट परत त्या चारवर आलं. मग त्यांनी मला उचललं, खिडकीशी नेलं आणि तळात नख फिरवलं. नख अडकलं. भिंगाखाली धरलं तेव्हा चिरेत वाळूचे दोन कण चमकत होते.

धुळीचा थोडा भाग बाटलीत सीलबंद राहिला होता. तो त्यांनी दुसऱ्या भांड्यात दळून मोजला. साडेसात आला.

"मॅडम, खलाला तडा गेला होता, एवढंच लिहू," अंबरीशजी हळूच म्हणाले. "भांड्याचं काय, फुटतंच."

"भट्टीत मी ठेवला होता, अंबरीशजी. तुम्ही पुन्हा मोजू का म्हणालात, नको मी म्हटलं. तसंच लिहायचं."

आणि तसंच लिहिलं. ज्या कार्यालयात पहिला अहवाल गेला होता तिथे त्या स्वतः गेल्या, तो मागे घेतला, स्वतःच्या नावाने चूक कबूल केली. त्यांचा एक मोठा शोधनिबंध छापायला तयार होता, तोही थांबवला. तडा गेल्यानंतरचे त्यातले सगळे आकडे पुन्हा मोजायचे ठरले. दोन महिन्यांत गिरणीत फवारे लागले. मला वाटलं, आता मला फेकतील. फेकलं असतं तर सुटलो असतो.

त्या अहवालाची प्रत द्यायला मधुवंतीबाईंनी नरेंद्रला बोलावलं. कागद पुढे करून त्या म्हणाल्या, "नरेंद्रजी, मुझे माफ़ कर दो."

नरेंद्रने कागद घडी करून खिशात ठेवला. "माफी का मैं क्या करूँ, मैडम जी. उसका फोटो निकलवा दो."

दुसऱ्याच दिवशी त्या त्याच्या बायकोला घेऊन दवाखान्यात गेल्या. गिरणीचं काम तिने आधीच सोडलं होतं. फोटो घेऊन तिघंही प्रयोगशाळेत आले, कारण उजेड इथल्या खिडकीत चांगला होता. मी शेजारीच होतो. मी आयुष्यात फक्त दगड पाहिले, फुप्फुसं कशी वाचतात ते मला येत नाही. मी त्यांचे चेहरे वाचत होतो.

"साफ है," मधुवंतीबाई म्हणाल्या. "पण दर वर्षी काढायचा. हर साल. मैं साथ आऊँगी."

नरेंद्रने फोटो हातात घेतला आणि बराच वेळ खिडकीशी धरून उभा राहिला. बायकोने विचारलं, "और इनका?" नरेंद्रने फोटो पाकिटात घातला आणि जिन्याकडे वळला. जाताना ती त्याच्या पुढे एक पायरी उतरे आणि थांबे, त्याला दम घेता यावा म्हणून, पण त्याला तसं वाटू नये म्हणून ओढणी सारखी करत राही.

मित्रांनो, दर वर्षी नवे विद्यार्थी आले की मधुवंतीबाई मला त्यांच्या हातात देतात आणि माझ्या तळात नख फिरवायला लावतात. मला ते आवडत नाही, पण तेवढं एकच काम आता माझ्याकडून नीट होतं. तुम्हीही मोठे होऊन काहीतरी मोजाल. भांडं विश्वासाचं आहे म्हणून त्याला विचारायचं सोडू नका. आणि एखादा आकडा वजा करण्याआधी थोडं थांबा, कारण वजा केलेली गार कागदावरून जाते, नरेंद्रच्या छातीतून जात नाही.