तळमजला ते सहावा, एक उत्तर

"...मग मी त्याला स्पष्टच सांगितलं की—"

तिसरा मजला. दार.

"...डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, फक्त—"

पाचवा. दार.

"...आईला अजून कळलेलं नाही, आणि तू जर—"

तळमजला.

"अध्यक्ष महोदय, जुन्या लिफ्ट बंद केल्याच पाहिजेत, कारण—"

दुसरा. कुणीतरी आत आलं. ती गप्प.

मित्रांनो, मी एक जुनी लिफ्ट आहे. माझ्या वाट्याला आलेली वाक्यं सगळी अशीच, अर्धी. मला घडवलं तेव्हा माझ्या लाकडी भिंती पॉलिशने चमकत होत्या. सुरुवातीला लोक काम नसतानाही वर-खाली करून जायचे. "काय गुळगुळीत चालते हो!" म्हणायचे. पुढे पॉलिश गेलं. "आली का एकदाची म्हातारी!" एवढंच उरलं. इतकी वर-खाली झाले, पण या चार उभ्या भिंतींच्या बाहेर मी कधी गेले नाही. माझं दार उघडतं ते दुसऱ्यांसाठी.

"अध्यक्ष महोदय" म्हणणारी ती लिफ्ट तपासनीस. सहाव्या मजल्यावर सभागृह आहे. तिथे जुन्या लिफ्टवर परिसंवाद होणार होता आणि तिला बोलायला बोलावलं होतं. मागच्या परिसंवादात सूत्रसंचालकाने मध्येच प्रश्न विचारला आणि ही जी गप्प झाली, ती शेवटपर्यंत. लोक हसले होते. पुन्हा तसं झालं तर यापुढे व्यासपीठावर पाय ठेवणार नाही, असं तिने धाकट्या बहिणीला सांगून टाकलं होतं. म्हणून दोघी संध्याकाळी येऊन माझ्यात सराव करायच्या. तळमजला ते सहावा, तेवढ्यात एक उत्तर बसवायचं.

उत्तर माझ्याच विरुद्ध होतं. दोर झिजलेत, ब्रेक जुने, सुटे भाग मिळत नाहीत. ते सगळं मीच उचलून वर न्यायची. दुसरं करणार काय?

मध्ये कुणी आत शिरलं की ती लाजून थांबायची. हळूहळू तिला तशी सवयच लागली. दार वाजलं की तोंड बंद.

"ताई, तू बोलत नाहीस, वाचतेस," बहीण म्हणायची. "हातात कागद नाही, तरी वाचतेस."

"मग काय करू?"

"समोरचा काय म्हणतो ते ऐक की जरा. हे बघ, मी चिटणीस. घंटा आहे, आरसा आहे, आता काय झुंबर लावू तुमच्यासाठी?"

"थांब गं, माझा दुसरा मुद्दा राहिलाय—"

"राहू दे. सहावा आला."

चिटणीस म्हणजे इमारत मालकांच्या संघाचे. परिसंवादात ते तिच्या समोर बसणार होते.

परिसंवादाच्या दिवशी बहीण म्हणाली, "मी जिन्याने येते बाई. तुझं उत्तर आता मलाच पाठ झालंय." तपासनीस एकटी आत आली. दार लागता लागता चिटणीसही घुसले.

चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये मी थांबले. मुद्दाम नाही हो. आत काहीतरी आवळलं गेलं, एवढंच कळलं.

चिटणीसांनी सगळी बटणं दाबली. मग घंटा. बराच वेळ.

"कुणी येत का नाही?"

"तुम्हीच सांगा साहेब. घंटा आहे ना?"

"टोमणे नंतर मारा हो! मला... श्वास घेता येत नाहीये."

तिचा आवाज बदलला. "खाली बसा. दोर तुटत नाही असा. वर जाळी आहे, बघा, हवा येतेय. ही घंटा कुठे वाजते, माहितीये तुम्हाला?"

"कुठे?"

"तळमजल्यावर, जिन्याखाली. तिथे आता सायकली ठेवतात."

"मग उपयोग काय तिचा?"

"हेच विचारायला आलेय मी."

चिटणीस वाद घालू लागले. घंटेपाशी माणूस ठेवायचा तर पगार कोण देणार, म्हणाले. मध्येच तिला तोडलं. ती थांबली, त्यांचं ऐकलं, आणि पुन्हा बोलू लागली. दोरांचं नाही, ब्रेकचं नाही, पाठ केलेलं काहीच नाही. मध्ये कुठला मजलाही आला नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी एक बोलणं शेवटपर्यंत ऐकलं.

"ताई!" जिन्यावरून बहीण ओरडली. "घाबरू नकोस, मेकॅनिकला आणलंय!"

दार उचकटून दोघांना बाहेर ओढलं. ती पायऱ्या चढून गेली. मी तिथेच लटकत राहिले.

सभागृहात काय झालं, मला ठाऊक नाही. नंतर लोक जिन्याने उतरले, तेव्हा जाळीतून एवढंच आलं.

"...बाईंनी सरळ विचारलं की, घंटा वाजते ती ऐकतं—"

"...चिटणीस स्वतःच म्हणाले, आज मी—"

"...ताई, त्याने मध्येच तोडलं तरी तू—"

दुसऱ्या दिवशी माझ्या दारावर 'बंद' अशी पाटी लागली. अजून आहे.

मित्रांनो, मला पुन्हा चालू करा, असं मी म्हणणार नाही. कुठे घंटा वाजली, तर 'बघेल कुणीतरी' म्हणून पुढे जाऊ नका, एवढंच मागते.

मला बसवलं तेव्हा जिन्याखाली, घंटेजवळ, एक माणूस बसत असे.