पडायची भिंत

नाटकात एक भिंत पडायची होती, आणि ती पडायची होती मिस्त्रींच्या जावयाच्या अंगावर. जावयाला जीव लावावा, त्याच्यावर भिंत पाडू नये, हे सांगायला काही पंडित लागत नाही. पण जावई नट, आणि सासरे सेट बनवणाऱ्या कारखान्याचे मुख्य सुतार.

मिस्त्रींच्या हाताखाली धाकटा भाऊ आणि दोन पुतणे. मिस्त्री धरून चौघेही त्यांच्या वडिलांकडे शिकलेले, एका माळेचे मणी. अडचण कुठलीही असो, चौघांना एकच सुचायचं: लाकूड. तालमीत प्लायवूडची भिंत पडली आणि जावयाचा खांदा सुजला. "पुन्हा लागलं तर माहेरची पायरी चढणार नाही," मुलगी बापाला ऐकवून गेली. मिस्त्रींच्या तोंडचं पाणी पळालं. चौघांनी विचार केला आणि एकमताने प्लायवूड आणखी पातळ करायचं ठरवलं.

"पातळ काय नि जाड काय, लाकूडच ना? कापडाची करा," शिवणकामाच्या बाई म्हणाल्या. त्यांना आणि दिवेवाल्याला मालकांनी नुकतंच कारखान्यात आणून बसवलं होतं. मिस्त्रींना दोघेही डोळ्यांसमोर नको असत.

"कापडाची भिंत? कुणी शिंकलं तरी हलेल!"

बाईंना ते पटलं, म्हणून त्या जास्तच चिडल्या.

"हलू दे की," दिवेवाला म्हणाला. "उजेड कमी करतो. आधी भिंतीची मोठी सावली कलेल, मग कापड सोडा. लोक सावलीच बघतील."

"आणि आवाज? सावली काय धडाडकन पडते?" मिस्त्रींनी रागाने हातातली फळी जमिनीवर आपटली. बाई दचकल्या. भावाने तर डोक्यावर हात धरले. मग सगळेच त्या फळीकडे बघू लागले.

प्रयोगात फळी मिस्त्रींनीच आपटली, विंगेत उभं राहून, डोळे गच्च मिटून. प्रेक्षकांत किंकाळ्या उठल्या. त्यांतली एक आपल्या लेकीची, हे बापाने ओळखलं. डोळे उघडले तेव्हा जावई कापडाखालून त्यांना डोळा मारत होता. मिस्त्रींचा जीव भांड्यात पडला. नाटक संपताच लेक धावत आत आली, नवऱ्याचा खांदा चाचपला आणि म्हणाली, "बाबा, उद्या जेवायला या."

पुढच्या नाटकात जिना कोसळायचा होता. मिस्त्रींनी उपाय सांगितला, भावाने आणि पुतण्यांनी लगेच माना डोलावल्या. पूर्वी मिस्त्रींना याचं कोण कौतुक! आज मात्र त्या एकदम डोललेल्या माना बघून त्यांनी हातोडा खाली ठेवला.

"थांबा रे," ते म्हणाले. "आधी बाईंना आणि दिवेवाल्याला बोलवा. भांडण झाल्याशिवाय कुणी खिळा ठोकायचा नाही."