दोन्ही टोकांना कुंकू

प्रयोगशाळेत दोघेच उरले आहेत. सेवादासच्या डाव्या डोळ्यावर पट्टी आहे. भैरवी फरशीच्या फटीतल्या काचेच्या कणांकडे पाहते आहे. मित्रांनो, त्या दोघांच्या मध्ये टेबलावर पडलेले, काळवंडलेले तांब्याचे वेटोळे म्हणजे मी.

ते दोघे यवतमाळच्या या महाविद्यालयातले संशोधक. सेवादासने फेऱ्यावर फेरा चढवून मला आणि माझ्या जुळ्या भावंडाला घडवले. तार जिथून गुंडाळायला घेतली, त्या टोकावर त्याने लाल ठिपका दिला. ठिपका पाहून दोघांतही वीज एकाच दिशेने फिरवायची, हा आमचा धर्म.

काम रौद्र होते. काचेच्या नळीतला वायू असा तापे की अणूंची लक्तरे होत. विजेने भारलेल्या त्या लोळाला प्लाझ्मा म्हणतात. काचेला शिवला की तो विझतो. म्हणून आम्ही नळीच्या दोन टोकांशी चुंबकाची अदृश्य भिंत होऊन उभे राहायचो. कण धडका मारायचे. आम्ही त्यांना माघारी भिरकावायचो. त्याच वेळी आम्ही एकमेकांना ओढायचो, म्हणून मध्ये दांडे होते. बाहेरून मात्र आम्हाला कशानेच बांधले नव्हते.

"बाप्पा! वीज कोंडली हो यायनं!" पांढरकवड्याहून आलेली एक शाळकरी मुलगी ओरडली होती. तेव्हा मी किती फुलून गेले!

खंडेनवमीला भैरवीने आमच्या विजेच्या जोडण्या सोडवल्या, आम्हाला पुसले आणि ओल्या कुंकवाचे बोट टेकवले. चारही टोकांना. "पूजा काय एकाच बाजूची करतात?" असे म्हणून ती हसलीही होती.

सुट्टी संपली. सेवादासने माझे समोर आलेले लाल टोक ठिपक्याचे समजून जोडले आणि खटका दाबला. माझ्यातून वीज उलटी धावली. ज्या भावंडाला आयुष्यभर ओढले, त्यालाच मी लाथाडले. बैठकीतून उखडून, नळीचा चुराडा करीत मी भिंतीवर आदळले. त्यातली एक काच सेवादासच्या डोळ्यात रुतली. ती किंकाळी अजून माझ्या तांब्यात घुमते.

उद्या चौकशी आहे. जोडणी त्याची, म्हणून दोषही त्याचा, असे सारे धरून चालले आहेत.

"दुसरं टोक मी पायलं नाही, ते माहं चुकलं," सेवादास म्हणतो. "पण कुंकू तू लावलं होतं, भैरवी."

"देवाचं नाव घेऊन लावलं रे. तुझा घात करायला नाही."

"मंग तेच सांग ना त्यायले! नाही त मले काढून टाकतीन. तांड्यावर काय सांगू? वीज कोंडाले गेलतो अन् डोया देऊन आलो?"

भैरवी टेबलावरची पिशवी जवळ ओढते.

मित्रांनो, यंत्रांची पूजा जरूर करा. पण घडवणाऱ्याने आमच्या अंगावर केलेली खूण झाकू नका. झाकली गेलीच, तर तसे बोला. आम्हाला साक्ष देता येत नाही. येत असती, तर उद्या मी सर्वांत आधी उभे राहिले असते.

"सांगशीन ना?" सेवादास विचारतो.

भैरवी पिशवी खांद्याला अडकवते आणि दाराबाहेर निघून जाते.