अंगावरचं प्लास्टिक

मी सलूनमधली दुसरी खुर्ची बोलतेय. पहिली नव्हे, दुसरी. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण आमच्या दुकानात आजवर जे काही बोललं गेलं, ते सगळं पहिलीच्याच कानात.

आम्ही दोघी एकाच कारखान्यात, एकाच दिवशी जन्मलो. तेच लाल रेक्झिन, तेच चकचकीत हात, उंची वरखाली करायला तेच पायडल. एकाच टेम्पोतून आलो. सलूनवाल्या दादाने आम्हाला आरशांसमोर शेजारीशेजारी मांडलं आणि आपल्या धाकट्या बहिणीला म्हणाला, "ही माझी आणि ही तुझी." पहिलीचं प्लास्टिक त्याने तिथल्या तिथे टराटरा फाडलं. माझ्या प्लास्टिकला धाकटीने हात लावला नाही. "राहू दे, नवी राहील," म्हणाली.

मी नवीच राहिले.

पहिलीवर माणसं बसू लागली. साहेबाला शिव्या घालणारी, डोळे मिटून गुणगुणणारी, पेंगता पेंगता दादाच्या पोटावर डोकं टेकवणारी. माझ्यावर ओले टॉवेल, हेल्मेटं आणि कालची वर्तमानपत्रं. तिच्या रेक्झिनला चिरा पडल्या, तर मला त्या चिरांचाही हेवा वाटला.

धाकटीच्या हातात काही नव्हतं असं नाही. रीतसर शिकली होती. घरी आईचे, भाचरांचे, शेजारच्या मुलींचे केस तीच कापायची. दुकानातही तिने एकदा कात्री उचलली होती. दादा चहाला गेलेला, चष्मेवाले काका आले. तिने कापड झटकलं, तर काका हसून म्हणाले, "दादा येऊ दे, बाळ. मला कुठे घाई आहे?" गोड बोलले हो. पण तेवढ्यानेच तिचं अवसान गळालं.

त्यानंतर दारात कुणीही दिसलं की हीच आधी म्हणायची, "बसा, दादा येईलच." लोकांनी तिला एकदा नाही म्हटलं होतं, ती स्वतःला रोज म्हणत राहिली. मला असा संताप यायचा. खाली पडलेले केस झाडताना ती आरशातून दादाच्या बोटांकडे बघत राहायची. ती नजर माझ्या ओळखीची होती. मीही पहिलीकडे तशीच बघायचे.

आता गंमत बघा. केस कापणाऱ्याला स्वतःचे केस कापता येत नाहीत. त्यामुळे दादा रस्ता ओलांडून समोरच्या सलूनमध्ये जायचा आणि परक्या खुर्चीत बसून यायचा. तो आला की धाकटी मागून बघून म्हणायची, "मानेवर वाकडं कापलंय."

"मग तू कापायचंस," दादा म्हणायचा. की ही लगेच झाडू उचलायची.

शेवटी दादाचा धीर सुटला. एका सकाळी नवं पार्लर काढणाऱ्या एक बाई आल्या. त्यांनी मला फिरवून पाहिलं, थोपटलं आणि म्हणाल्या, "अगदी कोरी आहे हो." दादाने धाकटीला विचारलं, देऊन टाकू का? ती खाली बघत "दे" म्हणाली. उद्या टेम्पो पाठवते म्हणून बाई गेल्या. खरं तर तिथे मला काम मिळालं असतं. पण माझ्या मनात आलं ते भलतंच. आता दोन्ही आरसे पहिलीचे.

त्याच दुपारी दादा स्वतःचे केस कापून घ्यायला समोर निघाला. परवान्यासाठी फोटो काढायचा होता. बाकावर दोन-तीन गिऱ्हाइकं होती, त्यात चष्मेवाले काकाही. दादाला येताना पाहून समोरच्या दुकानदाराने ऐटीत आपली खुर्ची झटकली. ते झटकणं धाकटीने पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं, ते मी जन्मभर पोटात बाळगलेलं होतं. तिने झाडू भिंतीला टेकवला.

"दादा, इथे बस."

"आज नको गं, फोटो आहे."

"म्हणूनच म्हणतेय. तो परत मानेवर वाकडं कापेल."

"फोटोत मागची मान कुठून दिसणार?" काका म्हणाले आणि अख्खा बाक हसला.

एरवी ती पाणी आणायला म्हणून आत गेली असती. आज नाही गेली. "काका, तुम्ही बसा निवांत. तुम्हाला कुठे घाई असते?"

आणि तिने माझं प्लास्टिक फाडलं. दादा बसला. तिने पायडल दाबलं, मी वर उचलली गेले. मी कधी कुणाचा भार उचललाच नव्हता. कुरकुरले, बोटभर खालीही बसले. इतकी वर्षं मला कुणी विचारत नाही म्हणून जळत होते, आणि माणूस अंगावर बसला तर मला पळून जावंसं वाटलं. हेवा करायला धाडस लागत नाही, म्हणून तर तो इतका पुरला.

"हात थरथरतोय तुझा," दादा आरशात बघत म्हणाला.

"माहितेय. तू मान हलवू नकोस."

डावीकडचे केस जरा जास्तच गेले, मग उजवीकडेही तेवढेच घ्यावे लागले. दादाला हवे होते त्याहून केस बरेच बारीक झाले. त्याने मानेवरून हात फिरवला, पुन्हा फिरवला. सरळ होतं. मग माझ्यावर बसूनच त्याने त्या बाईंना फोन लावला.

"खुर्ची नाही देता येणार, मॅडम," तो म्हणाला. "वापरलेली आहे."

आता माझं रेक्झिन डाव्या हाताशी उसवलंय, सांध्यांत केस अडकलेत. चष्मेवाले काका अजूनही दादासाठीच थांबतात. पंखा पहिलीच्याच डोक्यावर आहे आणि त्यावरून मी अजून जळते, फक्त हल्ली जळायला फुरसत कमी मिळते. नवं गिऱ्हाईक आलं की धाकटीचा हात थोडा थरथरतो. तिने माझी पाठ धरलेली असते, म्हणून मला कळतं. गिऱ्हाइकाला कळत नाही.

तुम्हीही काहीतरी नवं राहावं म्हणून झाकून ठेवलं असेल. भीती गेल्यावर बघू, असं म्हणत बसला असाल. माझं ऐका, तेवढं प्लास्टिक आजच फाडा.