नवमीला दहाचा पाना

जळकोटच्या शिवलिंग मिस्त्रीला देवानं हात सोन्याचे दिले आणि डोक्यात नुसता भुसा भरला. न्हाय तर शांताक्कानं "शेवटची तारीख सांग" म्हटल्यावर "खंडेनवमी" असं कुठला शहाणा मिस्त्री सांगेल?

प्रश्न जोंगाचा होता. लष्कराची गाडी, ओढा-डोंगर न जुमानणारी, आता शोधूनही न मिळणारी. अक्काच्या मालकांनी लिलावात घेतलेली. ते गेले आणि ती लिंबाखाली गंजत पडली. शिवलिंगचा तिच्यावर लई जीव. दोन वर्षं अक्काच्या अंगणात उताणा पडून त्यानं इंजिन खोललं, जोडलं, परत खोललं. शेवटी अक्का वैतागली. पुण्याचे कृष्णराज म्हणून एक शौकीन गाडी न्यायला टपलेच होते. "नवमीला दुपारी ते येतील. ते न्यायच्या आत चालू झाली तर तुझी, न्हाय तर त्यांची," तिनं निकाल दिला.

नवमीला इंजिन खोकलं आणि बसलं. पेट्रोलच्या नळीचा नट ढिला, हवा ओढत होता. दहाच्या पान्यानं दोन आटे कसले की झालं. शिवलिंगनं हात लांबवला, तर पेटी रिकामी.

पाने, पकडी, हातोडे सगळं देवघरात. अक्कानं पहाटेच धुऊन मांडलेलं, हळदकुंकू लावलेलं, वर झेंडू. आज हत्यार पुजायचं. उद्यापर्यंत हात लावायचा न्हाय.

"अक्का, एकच द्या. बारका हाय."

"पुजलेल्याला हात लावतोस? लाज वाटती का?"

"देवी काय पाने मोजत बसलीय व्हय?"

"मी बसलीय की."

गावात मागावा तर घरोघरी तीच गत. गड्यानं दातानं नट फिरवून बघितला. दात हलला.

तेवढ्यात कृष्णराज आले. शिवलिंग रडकुंडीला आलेला. पण त्यांच्या गाडीत हत्यारांची चकचकीत पेटी दिसली आणि त्याचे डोळे लकाकले.

"साहेब, ही पुजली का?"

"नाही हो, पहाटेच निघालो."

"मग दहाचा पाना द्या जरा."

अट काय होती, हे त्यानं सांगितलं न्हाय. कृष्णराज तर पांढऱ्या पँटीसकट मातीत गुडघे टेकून बसले. "थांबा, मीच कसतो." त्यांनी कसला, शिवलिंगनं चावी फिरवली, आणि जोंगा अशी गरजली की लिंबावरचे कावळे उठले. कृष्णराज टाळ्या पिटायला लागले.

"पाव्हणं, गाडी गेली तुमची," अक्का म्हणाली, आणि सगळी अट सांगून टाकली.

कृष्णराजांचं तोंड एवढंसं झालं. शिवलिंगला आनंद मावत नव्हता, आणि शरमही वाटत होती. दोन वर्षं आपण जीव जाळला. पण हा बाप्याही तेवढाच येडा निघाला. टाळ्या पिटताना साहेबांनी सीटवर टाकलेला पाना शिवलिंगनं अंगरख्याला पुसून परत दिला. कृष्णराजांनी तो घेतला, पण जागचे हलेनात. नुसते इंजिनाचा आवाज ऐकत उभे.

शिवलिंग स्टिअरिंगमागून बाजूच्या सीटवर सरकला.

"बसा साहेब," तो म्हणाला. "नट तुमी कसलाय. पयली चक्कर तुमची."