आठव्या बोल्टचे आटे

डोंगराच्या शर्यतीत वरून दुसऱ्या वळणावर धाकट्याच्या गाडीचं हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं झाकण यांच्यामधली पट्टी, गेलं. वाफेनं समोरची काच पांढरीफटक झाली आणि त्यानं अंदाजानंच गाडी कुंपणावर घातली. जिवावरचं मनगटावर निभावलं. पण इंजिन उघडायचं काम थोरल्या बहिणीवर आलं आणि तिथून तिच्या जिवाला घोर लागला.

वर्कशॉप त्यांच्या वडिलांचं, आप्पांचं. चाळीस वर्षं त्यांनी इंजिनं बांधली. बोल्ट किती जोरानं आवळला ते आकड्यात दाखवणारा टॉर्कचा पाना खिळ्याला टांगलेलाच असायचा. "माझं मनगट सांगतं," असं ते म्हणायचे आणि ते खरंच सांगायचं. लोक मुद्दाम पाना लावून बघायचे, तर आकडा तंतोतंत.

नव्या बांधणीला थोरलीला हेडसाठी स्टड, म्हणजे ब्लॉकमध्ये कायम उभे राहणारे आट्यांचे दांडे, हवे होते. आप्पांना बोल्टच.

"बोल्टनं काय घोडं मारलंय तुझं?"

"टर्बो लावल्यापासून आतला दाब केवढा वाढलाय, आप्पा. बोल्ट आवळला की ताणला जातो आणि पिळलाही जातो. दर वेळी काढघाल केली की ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमधले आटे झिजतात ते वेगळंच. स्टड एकदा हातानं बसवला की बसला. आवळायचा तो वरचा नट. दाब सगळीकडे सारखा येतो."

"आणि पुन्हा हेड काढायची वेळ आली तर? एवढ्या उंच स्टडवरून ते उचलायला बॉनेटखाली जागा कुठाय? अख्खं इंजिन बाहेर काढशील?"

"काढीन."

"काढ मग. हौस आहे तुला." आप्पा पाय आपटत चहाला गेले.

ती बोलली त्यात खोटं काही नव्हतं, पण ते अर्धंच होतं. इंजिन खोलताना कुठला बोल्ट किती जोरानं सुटतो ते तिनं वहीत लिहिलं होतं. दहांपैकी चार बोल्ट जवळजवळ फुकट सुटले. आठवा तर नुसताच गरगर फिरला आणि वर आला तेव्हा ब्लॉकचे आटेच त्याला तारेसारखे गुंडाळलेले होते. चार कमी आवळलेले, एक मोडेस्तोवर आवळलेला. आणि ते हेड आप्पांनीच बसवलेलं. महिनाभर तिनं हे पोटात ठेवलं होतं.

धाकट्याच्या हाताचं प्लास्टर नुकतंच निघालं होतं. वही वाचून तो स्टुलावर बसला.

"ताई, बोल्टच खराब निघाले म्हणून सांग. विषय संपव."

"आणि त्या टॅक्सीवाल्याचं इंजिन? उद्या आप्पा त्याचं हेड आवळणार आहेत. दिवसभर माणसं बसतात त्या गाडीत."

धाकटा मनगट चोळत राहिला.

आप्पा परत आले तेव्हा तिनं आठवा बोल्ट त्यांच्या हातावर ठेवला आणि वही पुढे केली. त्यांनी चष्मा पुसला. मग ब्लॉकच्या भोकात करंगळी घालून ती फिरवली. आत सगळं गुळगुळीत होतं.

"मी आवळला होता हा."

"हो, आप्पा."

त्यांनी हेड बसवलेला एक जुना ब्लॉक पुढे ओढला, एक बोल्ट घातला आणि साधा पाना उचलला. "नव्वदला थांबतो. लाव मग तुझा पाना."

ते थांबले. तिनं मोजलं. "साठ."

त्यांनी बोल्ट सोडवला आणि पुन्हा आवळला. त्यांच्या हाताच्या शिरा तटतटल्या.

"एकशे वीस," ती कसंबसं म्हणाली.

तिसऱ्यांदा त्यांनी पाना उचलला आणि तसाच खाली ठेवला. त्यांनी धाकट्याच्या मनगटाकडे एकदाच पाहिलं. मग मोरीपाशी जाऊन कितीतरी वेळ हात धुतले आणि घरी गेले. थोरलीला वाटलं, मागं धावावं. पण धावून सांगणार काय होती?

टॅक्सीचं काम तिनंच केलं. मग शर्यतीच्या इंजिनातल्या आठव्या भोकात नवे आटे बसवले, दहाही स्टड बोटांनी फिरवून घातले आणि मधून कडेकडे जात, तीन टप्प्यांत, पाना लावून नट आवळले. आप्पा त्या दिवसांत वर्कशॉपकडे फिरकले नाहीत. घरी जेवताना ताटात बघून जेवायचे. आईनं विचारलं तर म्हणायचे, "बरं नाही वाटत."

पुढच्या शर्यतीत इंजिन शेवटपर्यंत टिकलं. धाकटा तिसरा आला. संध्याकाळी दोघं घरी आले तेव्हा आप्पा खिडकीपाशी बसले होते. निकाल त्यांनी विचारलाच नाही.

"इंजिन तापून गार झाल्यावर नट तपासलेस?"

"तपासले."

"किती ढिले निघाले?"

"एकही नाही."

त्यांनी मान हलवली. बाहेर बघतच म्हणाले, "वर्कशॉपची किल्ली आता तुझ्याकडेच ठेव."

तिनं किती वेळा मनात घोकलं होतं की असं झालं तर 'नको' म्हणायचं. पण तिनं किल्ली पिशवीतच राहू दिली. आणि ती त्यांच्या शेजारी बसली.