तेलकट फडकं

मित्रांनो, मी सायकलच्या ब्रेकचा एक जुना रबरी ठोकळा आहे. बोटाच्या दोन पेरांएवढा. कारखान्यात मला तापवून, दाबून साच्यातून ओढून काढलं, तेव्हापासून माझा स्वभाव तापटच. पुढच्या चाकाच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला माझा जुळा भाऊ. धावत्या चाकाशी भांडण उकरून काढायचं, हाच आमचा धंदा.

आमची मालकीण ताई. ती आणि तिची धाकटी बहीण सायकलींवरून लांबच्या प्रवासाला निघाल्या होत्या. त्या दिवशी पाऊस सकाळपासून नुसता झोडपत होता. वारा दोघींना रस्त्यावरून शेतात ढकलू पाहत होता. ताईने एका झाडाखाली थांबून साखळीला तेल दिलं, हात फडक्याला पुसले आणि मग मोठ्या मायेने दोन्ही चाकांच्या रिमही पुसल्या. त्याच फडक्याने. तेलकट रिमवर आमची पकड बसत नाही, पण माझं ऐकतं कोण?

पुढे उभा उतार लागला. वळणावर धाकटी घसरून पडली आणि तिचा पाय तिच्याच सायकलीखाली अडकला. मागून सामानाने लादलेली ताई सुसाट येत होती. तिने दोन्ही ब्रेक करकचून दाबले. आम्ही चाकावर तुटून पडलो, पण तेलावरून नुसते घसरत राहिलो.

"बाजूला हो गं!"

"ताई, पाय निघत नाहीये!"

मग मात्र मी खवळलो. चाकाने माझी सालटी काढली, मी त्याचं तेल ओरबाडलं. भाऊ खोबणीतून उपटला गेला आणि चिखलात पडला. तो मला पुन्हा दिसला नाही. आतला पत्रा उघडा पडेपर्यंत मी चाकाला चावत होतो. वेग जरा कमी झाला, तशी ताईने सायकल कडेच्या दगडी कठड्यावर घातली. तिच्या खांद्याचं हाड मोडलं. धाकटीचं डोकं तिथून हातभर अंतरावर होतं.

"ब्रेकनं दगा दिला," ताई कण्हत म्हणाली. इतका राग मला जन्मात आला नव्हता.

धाकटीने कसाबसा पाय सोडवला. रिमवरून बोट फिरवून तिने ते हुंगलं. "ताई, चाक कशानं पुसलं होतंस?"

ताई माझ्याकडे बघून रडायलाच लागली. "माझ्या हातानंच मारलं असतं गं तुला."

आता तिचा खांदा सांधला आहे. चाकावर नवे ठोकळे आले आहेत. मला मात्र तिने फेकलं नाही, हत्यारांच्या पिशवीत जपून ठेवलं आहे. मित्रांनो, आमच्यावर माया जरूर करा, पण आधी हातात काय आहे ते बघा. ताईलाही हे कुणीतरी पुन्हा सांगा. तिने मला गुंडाळून ठेवलंय ते त्याच फडक्यात.